सिद्रामअण्णांचं रनिंग

सिद्रामअण्णांनी नवी छत्री आणली, की पहिला आठवडाभर ती पावसात जायची नाही. घरातल्या घरात सकाळी पाच मिनिटं उघडायची, संध्याकाळी पाच मिनिटं उघडायची, दांडीला खोबरेलाचं बोट लावायचं आणि परत खुंटीला लटकवायची. दुसऱ्या आठवड्यात ती कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत फिरवून आणायची, तीही कोरड्या दिवशी. बाहेर पाऊस असला तर अण्णा जुनी, काड्या मोडलेली छत्री घेऊन भिजत कामावर जात. मी एकदा विचारलं, "अण्णा, घरात नवी छत्री असताना भिजताय कशाला?" तर म्हणाले, "तडी, मास्तर. ती अजून रनिंगमदी हाय." सोलापुरात मुळात पाऊस असा किती पडतो? छत्रीचं रनिंग संपायच्या आत पावसाळाच संपायचा.

हे सगळं सत्तर सालानंतरच्या चार-पाच वर्षांतलं. भवानी पेठेत आमचं आणि अण्णांचं घर एका भिंतीचं. पलीकडं तेलुगू विणकरांची घरं, त्यामुळं डोळे उघडायच्या आधी कानावर मागांचा खडखडाट पडायचा. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. आठवीला उष्णता, नववीला प्रकाश. अण्णा एका कापडगिरणीच्या बॉयलर खात्यात फिटर होते. तीस वर्षं वाफेच्या नळ्यांशी संसार केलेला माणूस. मूळचे मैंदर्गीचे, त्यामुळं घरात कानडी, गिरणीत मराठी आणि राग आला की दोन्ही एकदम. 'तडी' हा त्यांचा लाडका कानडी शब्द. तडी म्हणजे थांब. दिवसभरात ते कुणाला ना कुणाला थांबवत असत.

आता रनिंग म्हणजे काय, तर नव्या एंजिनाला पहिले काही शे मैल सांभाळून, हळू पळवावं लागतं. आतले भाग एकमेकांवर घासून नीट बसेपर्यंत वेग घ्यायचा नाही, ओझं टाकायचं नाही, मधूनमधून थांबून एंजिन गार होऊ द्यायचं. या काळात घाई केली, तर एंजिन जन्माचं दुखणाईत होतं. एवढीच गोष्ट. पण अण्णांनी ती फक्त एंजिनापुरती ठेवली नव्हती. जगातली प्रत्येक नवी वस्तू आणि प्रत्येक नवा माणूस त्यांच्या हिशेबी रनिंगमध्ये असायचा.

आमच्याकडं प्रेशर कुकर आला, तेव्हा पेठेतल्या चार बायका बघायला आल्या आणि पाठोपाठ अण्णा आले. त्यांनी कुकर उचलून कानाशी हलवला, शिट्टीत फुंकर मारली आणि माझ्या बायकोला सांगितलं, "वैनी, पयले तीन दिस निस्तं पानी. मग भात. डाळ पुढच्या सोमवारी." बायको म्हणाली, "आणि तोवर आम्ही काय खायचं?" अण्णा गंभीरपणे म्हणाले, "भाकरी. भाकरीला शिट्टी लागत न्हाय." बॉयलरवाल्या माणसाशी वाफेबद्दल वाद घालण्याची हिंमत आमच्यात नव्हती. डाळ पुढच्या सोमवारीच शिजली.

शाळेत नवे हेडमास्तर आले आणि आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी वेळापत्रक बदललं, गणवेश बदलला, घंटेची जागासुद्धा बदलली. मी वैतागून अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "फुल थ्रॉटल दिला त्यानं. टिकत न्हाय बगा." सहा महिन्यांत हेडमास्तर पाठदुखीनं रजेवर गेले. अण्णांनी मला रस्त्यात गाठून फक्त भुवया उडवल्या.

पलीकडच्या विणकराच्या घरात नवी सून आली. सासूनं पहिल्याच दिवशी तिच्याकडं पाण्याच्या चार घागरी दिल्या, तर हे महाशय दारात उभे. "पयले सा म्हैने निम्मं वजन. पोरगी रनिंगमदी हाय." सासू तेलुगूत काय म्हणाली ते अण्णांना कळलं नाही, हे बरंच झालं. पण सून ती गोष्ट विसरली नाही. पुढं संक्रांतीला पहिला तिळगूळ ती अण्णांना द्यायची.

घरी अण्णा एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी महादेवी, तिला त्यांनी आईच्या मायेनं वाढवलं आणि बार्शीला दिली. जावई भुसार बाजारात एका आडतीवर कामाला. घर चांगलं, माणसं खाऊनपिऊन सुखी. लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण मूल नव्हतं. आणि अण्णांच्या घराण्यात एक रीत होती. लेकीच्या घरात पोर रांगेपर्यंत बापानं त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही.

सुरुवातीला अण्णा एसटीनं बार्शीला जायचे. विहीणबाई खुर्ची टाकायच्या, तांब्या भरून पुढं करायच्या, अण्णा हात जोडायचे. पहिल्या वर्षी सगळे हसले. दुसऱ्या वर्षी हसणं थांबलं. तिसऱ्या वर्षी विहीणबाई तांब्या तसाच हातात धरून म्हणाल्या, "आमच्या घरचं पानी कदी गोड व्हनार, पाव्हणं?" महादेवी तेव्हा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. अण्णा टोपी उचलून तसेच उठले आणि बसथांब्यावर जाऊन बसले. हे माझ्या बायकोला महादेवीनं दिवाळीला आली तेव्हा सांगितलं. आपण नाही म्हणालो, की ते पाणी पोरीच्या अंगावर सांडतं, हे अण्णांच्या ध्यानात आलं होतं. त्यानंतर त्यांनी एसटी सोडली.

आणि सहा महिन्यांनी त्यांच्या दारात मोटारसायकल आली.

मोटारसायकल म्हणजे लढाईनंतर लष्करानं मोडीत काढलेली एक विलायती फटफटी. ती कुणाच्या तरी गोठ्यात पंधरा वर्षं कोंबड्या सांभाळत उभी होती. अण्णांनी ती हातगाड्यावरून आणली. पुढचं वर्षभर गिरणीतून आले की ते तिच्यापुढं पोत्यावर मांडी घालून बसायचे. एंजिन उघडून त्यात नवा पिस्टन घातला, नव्या रिंगा घातल्या, झाडून सगळं नवं केलं. ज्या दिवशी ती पहिल्यांदा सुरू झाली, त्या दिवशी आवाजानं सगळ्या पेठेतले माग थांबले. अण्णांनी पेढे वाटले आणि जाहीर केलं, "एक हजार मैल रनिंग."

मागच्या मडगार्डवर लावायला एक पाटी हवी होती. अक्षर चांगलं म्हणून ती माझ्याकडून रंगवून घेतली. 'एंजिन नवीन आहे. पुढे जा.' दर रविवारी सकाळी सहाला ही पाटी भवानी पेठेतून निघायची आणि ताशी वीस मैलांच्या वेगानं बार्शीच्या रस्त्याला लागायची. जग खरंच पुढं जायचं. ट्रक जायचे, एसटी जायची, उतारावर सायकलवाले दूधवालेही जायचे. दुपारी उशिरा अण्णा परत यायचे, मैलांचा आकडा खडूनं दाराजवळच्या भिंतीवर लिहायचे आणि गाडी पुसायला घ्यायचे.

मी शिक्षक माणूस, भिंतीवरचे आकडे वाचायची सवय. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, की हजार मैल कधी पुरे होतच नाहीत. आकडा साडेआठशे-नऊशेला पोचला, की अण्णा कान टवकारून म्हणायचे, "रिंगा वाजतात वाटतं." मग एंजिन उघडायचं, रिंगा बदलायच्या आणि भिंत पुसायची. "रिंगा नव्या, म्हंजे रनिंग पुन्यांदा पयल्यापासून." दीड वर्षात सातदा असं झालं. मला तर काहीच वाजताना ऐकू आलं नव्हतं. पण मला वाटलं, माणूस चोखंदळ आहे.

मग आलं ते लेपाचं प्रकरण.

एका रविवारी अण्णा पेठेत दारोदार फिरून फुटक्या कपबश्या गोळा करू लागले. कान तुटलेले कप, टवके उडालेल्या बश्या, लोणच्याच्या बरणीची झाकणं, जे चिनी मातीचं असेल ते. आमच्याकडंही आले. मी जरा तोऱ्यातच म्हणालो, "आमच्यात कपबश्या फुटत नाहीत, अण्णा." बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी वर्तमानपत्रात तोंड घातलं. आठवडाभर अण्णांच्या घरातून खलबत्त्याचा आवाज येत होता. ते सगळं कुटून, वस्त्रगाळ करून, भट्टीची माती आणि गिरणीतला कसलासा चिकट रस घालून त्यांनी कणकेसारखा गोळा मळला आणि तो मोटारसायकलच्या नळ्यावर थापला. एंजिनातून जळका धूर घेऊन निघतो आणि वळून सायलेन्सरला मिळतो, तो हा नळा. गिरणीत वाफेच्या नळ्यांना असाच पांढरा लेप देतात, आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून.

लेप पक्का व्हावा म्हणून नळा काढून त्यांनी कुंभाराकडं नेला. कुंभार म्हणाला, "अण्णा, आजवर माज्या आव्यात गाडगी भाजली, चुली भाजल्या. फटफटी कदी भाजली न्हाय." अण्णा म्हणाले, "मग तुजंबी रनिंग व्हऊन जाऊ दे." नळा भाजून निघाला तो पांढराशुभ्र, वीतभर जाड. गाडीला बसवल्यावर प्लास्टरमधल्या पायासारखा दिसायचा. कोपऱ्यावर हुसेनभाईंचं गॅरेज होतं. त्यांनी गाडी थांबवून खाली वाकून बघितलं. "अरे अण्णा, ये क्या? गाडी का पाँव टूट्या क्या?" अण्णा फक्त हसले आणि वीसच्या वेगानं पुढं गेले.

मी तिथंच उभा होतो. मी हुसेनभाईंना विचारलं, लेपाचा उपयोग काय. ते हात पुसत म्हणाले, "पुरानी गाडी कू चलता, मास्तर. नवी एंजिन कू बिलकूल नक्को. गर्मी अंदरच रैती. ठंडीच नै होती." मग ते थोडे थांबले आणि म्हणाले, "अण्णा कू मालूम नै क्या? तीस साल बॉयलर संबाल्या आदमी."

त्यांच्या शेवटच्या वाक्याकडं मी लक्ष दिलं नाही, कारण पहिल्या वाक्यानंच मला विलक्षण आनंद झाला होता. सगळ्या पेठेला शिट्ट्या, घागरी आणि छत्र्या शिकवणारा हा माणूस खुद्द रनिंगमध्येच चुकला होता! आणि तेही उष्णतेत, म्हणजे माझ्या आठवीच्या धड्यात. उष्णतेचे मंदवाहक: लाकूड, काच, चिनी माती. मुलांकडून मी हे दरवर्षी पाठ करून घेत होतो. आता फक्त अण्णांना हे सांगायची संधी हवी होती, आणि ती सावकाशीनं, चवीनं सांगायची होती.

संधी अण्णांनीच दिली. एका शनिवारी संध्याकाळी ते परसातल्या बुटक्या भिंतीवरून डोकावून म्हणाले, "मास्तर, उद्या बार्शीला चला. रिकामी गाडी पळवून झाली. आता अर्धं वजन टाकून बगायचं. पुरा मानूस नगं, तुमी चालाल." माझी बायको यावर दोन दिवस हसत होती. मी मात्र लगेच हो म्हणालो. जाताना अण्णांनी मागं वळून विचारलं, "तुमी शाळंत उष्णताच शिकीवता न्हवं?" मी छाती पुढं काढून म्हणालो, "चौदा वर्षं." "बेस," अण्णा म्हणाले.

रविवारी सहाला निघालो. बायकोनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली होती. अण्णांच्या खांद्याला फिरकीचा तांब्या लटकत होता. घरून भरून घेतलेलं पाणी, बार्शीत प्यायला. तो प्रवास मी जन्मात विसरणार नाही. चालत गेलो असतो तर निदान पाय मोकळे झाले असते. दर दहा-बारा मैलांना अण्णा गाडी झाडाखाली लावायचे, खाली बसायचे आणि एंजिनाकडं बघत राहायचे. एका ठिकाणी मेंढरांचा कळप आम्हाला ओलांडून गेला, आम्ही निघाल्यावर त्याला गाठलं आणि पुढच्या थांब्यावर तोच कळप परत आम्हाला ओलांडून गेला. धनगरानं दुसऱ्या वेळी विचारलं, "बिगाडली जनू?" अण्णा म्हणाले, "न्हाय. नवी हाय." तो मान हलवत गेला.

वैराग मागं टाकल्यावर एका निंबाखाली थांबलो, तेव्हा मी घसा साफ केला. शाळेत नवा धडा सुरू करताना करतो तसा.

"अण्णा, वाईट वाटून घेऊ नका. पण तुमचा हा लेप चुकलाय."

"व्हय?"

"चिनी माती मंदवाहक आहे. उष्णता बाहेर पडू देत नाही. नव्या एंजिनाला तर हे अगदी वाईट. तुमची गाडी गार व्हायला आता दुप्पट वेळ लागणार."

अण्णांनी नळ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांच्या चेहऱ्यावर हिरमोड दिसला, पण मला हवा होता तो नव्हे.

"दुप्पटच?" ते म्हणाले. "मी तिप्पट धरला व्हता."

माणसाला चूक दाखवावी आणि त्यानं ती कमी पडली म्हणून हळहळावं, असा प्रसंग मला चौदा वर्षांच्या नोकरीत आला नव्हता. मी रागावून भाकरी मोडायला घेतली. खाताना तोच राग दुसरीकडं वळला आणि मी म्हणालो, "आणि हे पाण्याचं काय खूळ आहे, अण्णा? घरून तांब्या वाहून नेता. कोण पाळतं आता असल्या रिती? प्या की लेकीच्या घरचं घोटभर पाणी. सगळ्यांनाच बरं वाटेल."

अण्णांनी तांब्याची फिरकी उघडली, परत लावली.

"मास्तर, रीत ग्येली खड्ड्यात," ते म्हणाले. "पर आता मी त्या घरचं पानी प्यालो, तर पोरगी काय समजंल? बापानं बी आशा सोडली, असंच समजंल न्हवं?"

मी उरलेली भाकरी परत फडक्यात बांधली.

बार्शीत पोचायला अकरा वाजले. महादेवीचं घर एका अरुंद बोळात. घरासमोर कडुनिंब, आणि निंबाखाली अण्णांनी गाडी लावली. घराच्या ओट्यापासून ती चार पावलं असेल. अण्णा घरात गेले नाहीत. त्यांनी ओट्यावर पायही ठेवला नाही. गाडीशेजारी उकिडवे बसले आणि मोठ्यानं, सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं म्हणाले, "तापलीय. जरा गार व्हऊ दे."

आतून महादेवी आली. हातात सूप आणि सुपात ज्वारी. ती ओट्याच्या कडेला बसली आणि निवडायला लागली. तिनं खुर्ची आणली नाही, पाणी आणलं नाही, आत या म्हणाली नाही. बाप गाडीपाशी, लेक ओट्यावर, आणि मधे चार पावलांचा रस्ता. दोघं कानडीत बोलायला लागली. मला कानडी फारसं येत नाही, पण मैंदर्गी ऐकू आलं, आईचं नाव ऐकू आलं, कुणाची तरी म्हैस ऐकू आली. एकदा महादेवी इतकी हसली, की ज्वारी सांडली. अण्णांनी आमच्या कुकरची गोष्ट सांगितली असावी, कारण तिनं माझ्याकडं बघून तोंडाला पदर लावला. बोळातून माणसं जात-येत होती. कुणी थांबून विचारत नव्हतं. गाडी तापली आहे, गार झाली की गाडीवाला जाईल, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. घरात न आलेल्या माणसाला कुणी पाहुणा म्हणू शकत नव्हतं, म्हणून पाणी विचारू शकत नव्हतं, म्हणून त्याला नाही म्हणावं लागत नव्हतं.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दीड वर्षाचं रनिंग, न वाजणाऱ्या रिंगा, पुसलेली भिंत. रनिंग संपलं, की इथं थांबायचं निमित्तही संपणार होतं. साध्या नळ्याचं एंजिन अर्ध्या तासात गार होतं. पाच वर्षांचं बोलणं अर्ध्या तासात होत नाही. हुसेनभाई बरोबर म्हणाले होते. तीस वर्षं बॉयलर सांभाळलेल्या माणसाला चिनी माती काय करते, हे ठाऊक नसेल? मला स्वतःची लाज वाटली. वाटेत मी ज्या चवीनं घसा साफ केला होता, तो आवाज मला परत ऐकू आला.

तास झाला. दीड तास झाला. ज्वारी निवडून संपली होती. महादेवी निवडलेलीच ज्वारी परत निवडत होती. तेवढ्यात विहीणबाई दारात आल्या. उंच, सावळ्या, कपाळाला भस्म. कमरेवर हात ठेवून त्यांनी गाडीकडं पाहिलं.

"पाव्हणं, झाली का गार?"

अण्णांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी महादेवी उठली. चार पावलं चालून गाडीपाशी आली, वाकली आणि त्या पांढऱ्या नळ्यावर तिनं तळहात ठेवला. मग चटका बसल्यासारखा झटकन मागं घेतला.

"अजून गरम हाय, आत्याबाई," ती म्हणाली.

विहीणबाईंची नजर माझ्यावर आली. "तुमी मास्तर न्हवं का? पाव्हण्यांनी मागल्या येळंला सांगितलं व्हतं, सायन्सचं मास्तर घिऊन येतो म्हणून. खरं सांगा, एवढा येळ लागतोय का ओ गाडी गार व्हायला?"

अण्णा जमिनीकडं बघत होते. तांब्या त्यांनी हातात घट्ट धरलेला होता. मला अर्धं वजन म्हणून आणलेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. महादेवीनं माझ्याकडं पाहिलं. तिचे डोळे हुबेहूब अण्णांचे होते.

मी खाली बसलो आणि नळ्यावर हात ठेवला. नळा माठासारखा गार होता. केव्हाचाच गार झाला असणार.

चौदा वर्षं मी मुलांना सांगत आलो होतो, की जे हाताला लागतं तेच वहीत लिहायचं.

"चांगलाच गरम आहे," मी म्हणालो. माझा आवाज वर्गातल्यासारखा आला. "चिनी माती मंदवाहक असते, बाई. आत उष्णता धरून ठेवते. नवं एंजिन आहे. अजून तासभर तरी हलवू नये."

विहीणबाई ओट्यावरून उतरल्या. मला वाटलं, संपलं. त्या गाडीपाशी आल्या, पदर सावरला आणि आपला रुंद, काम करून राठ झालेला हात नळ्यावर ठेवला. चांगला दाबून ठेवला. बोळात निंबाची पानं हलत होती तेवढाच आवाज. त्यांनी नळ्याकडं पाहिलं, मग सुनेकडं, मग तिच्या सुपातल्या दोनदा निवडलेल्या ज्वारीकडं.

"व्हय की," त्या म्हणाल्या. "लईच तापलाय." आणि परत ओट्यावर चढताना, मागं न बघता, "म्हादेवी, ज्वारी झालेली दिसतीय. आतनं तूर घिऊन ये. ती बी निवडायची हाय."

आम्ही तीन वाजता निघालो.

परतीच्या वाटेवर मेंढरं परत भेटली. एका थांब्यावर अण्णांनी तांब्यातलं उरलेलं पाणी मला दिलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमी चांगलं शिकीवता." मी म्हणालो, "अण्णा, भिंतीवरचा आकडा आठशेच्या वर गेलाय. रिंगा वाजतायत, मला ऐकू येतंय." अण्णांनी माझ्याकडं एकदा नीट पाहिलं. मग टोपी काढून डोकं पुसलं, आणि डोळेही पुसले. "तडी," ते म्हणाले, "बदलू की पुढच्या आटवड्यात."

बार्शीचं सगळं मी रात्री बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना आमची एक धड, निळ्या काठाची बशी माझ्या हातून खाली पडली. बायको धावत आली. "अहो, आमच्यात कपबश्या फुटत नाहीत ना?" मी तुकडे वेचायला लागलो. तिनं माझ्याकडं पाहिलं, बशीकडं पाहिलं, आणि आत जाऊन त्याच निळ्या काठाचा कपही घेऊन आली.

"हा एकटा काय कामाचा," म्हणाली, आणि तो माझ्या हातात देऊन परत चुलीपाशी गेली.

मी तुकडे आणि कप, दोन्ही कागदात बांधले आणि भिंतीवरून अण्णांना दिले.